कोरी प्लेट

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक प्लेट लपवली होती. इन्क्युबेटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटाच्या, सगळ्यात खालच्या कप्प्यात, पार मागे, दुसऱ्यांच्या प्लेटांच्या चळतीखाली. तिच्या बुडावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कंट्रोल’. तिच्यावर काहीही उगवायला नको होतं आणि दोन कॉलन्या उगवल्या होत्या. सायीच्या रंगाच्या, मसुराच्या दाण्याएवढ्या, कडेला किंचित दातेरी.

ज्यांचा प्रयोगशाळेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सूक्ष्मजीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आपण त्यांना चपट्या, झाकणाच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, खायला घालतो आणि वाढू देतो; त्या खाण्याला माध्यम म्हणतात. एका जिवाणूचे लक्षावधी झाले की प्लेटवर ठिपका दिसायला लागतो, तीच कॉलनी. पण जिवाणू आपल्या हातावर असतात, श्वासात असतात, खिडकीतून येणाऱ्या धुळीत असतात. मग प्लेटवर उगवलं ते नमुन्यातलं की आपल्या हातचं, हे कळायचं कसं? त्यासाठी एक जादा प्लेट करायची. तेच माध्यम, तोच दिवस, तेच हात, फक्त नमुना घालायचा नाही, त्याऐवजी निर्जंतुक पाणी. ती कोरी राहिली तरच बाकीच्या प्लेटांवर विश्वास ठेवायचा.

माझा विषय लोणारचा होता. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात तयार झालं, काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर. गोमुखाच्या धारेपाशी पाणी गोड, आणि उतरून खाली सरोवराशी गेलं की सडक्या अंड्यांचा वास. पाण्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली की साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात, इतकं ते क्षारीय; सामू (पीएच) दहाच्या आसपास. लवणासुर राक्षसाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्या पाण्यात माशांचं काही चालत नाही, पण जिवाणूंची वस्ती दाट. मी चार बाटल्या भरून आणल्या आणि त्यातून अकरा वेगवेगळे जिवाणू मिळाले असं घरी पत्रातून कळवूनही टाकलं.

अल्कली मानवणाऱ्या जिवाणूंना माध्यमही तसंच लागतं. त्यात सोडियम कार्बोनेट घालायचं असतं. ते बाकीच्या माध्यमाबरोबरच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं तर सगळंच तपकिरी पडतं, म्हणून ते वेगळ्या बाटलीत निर्जंतुक करून मग मिसळायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच: 15 पौंड दाब, 121 अंश तापमान, 15 ते 20 मिनिटं. साध्या उकळत्या पाण्याला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणूही यात मरतात. मात्र एक अट असते. आधी आतली सगळी हवा बाहेर काढायची. मी त्या दिवशी वेळ वाचवायला भांडं ठासून भरलं होतं आणि हवा पुरती निघायच्या आत झडप बंद केली होती. हवा अडकली की दाबाचा काटा 15 वर जातो, पण वाफ सगळीकडे पोचत नाही आणि तापमान 121 ला जातच नाही. काटा बरोबर दाखवत होता. कार्बोनेटच्या बाटलीच्या पोटात बीजाणू जिवंत होते.

हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की दोन ठिपक्यांपायी सहा महिन्यांचं काम जातंय. सरांनी प्लेटा बघितल्या, अकराच्या अकरा. कौतुकाचा एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “कंट्रोल?”

मी म्हटलं, “ठीक आहे सर.”

“ठीक आहे म्हणजे? आण.”

आणली. त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली, तिरकी केली, झाकण न उघडता बराच वेळ बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. स्टुलावर बसले आणि म्हणाले, “हे दोन ठिपके आहेत तोवर त्या अकरा प्लेटांत काय आहे ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. पहिल्यापासून कर.” साडेतीन आठवडे गेले. चौथ्या खेपेला कंट्रोल कोरी राहिली. अकरांतले सहा जिवाणू उरले. त्या कोऱ्या प्लेटकडे बघून जो आनंद झाला होता, तसा पुढे डिग्रीचा कागद हातात आला तेव्हाही झाला नाही.

20 मे 2025 ला जयंत नारळीकर गेले. त्या दिवसांत लोक त्यांच्या विश्वरचनाशास्त्राबद्दल, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेबद्दल, मराठीतल्या विज्ञानकथांबद्दल लिहीत होते आणि ते बरोबरच होतं. मला मात्र सारखा एक फुगा आठवत होता.

केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. जीवसृष्टीचं बीज पृथ्वीवर तयार झालं नाही, ते अंतराळातून येत राहिलं आहे, असं हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे मांडत असत. जिवाणूच काय, फ्लूसारखे विषाणूसुद्धा वरून उतरतात इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. बहुतेक जीवशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. मलाही पटत नाही. पण अशा कल्पनेचं काय करायचं याची एक रीत असते आणि ती नारळीकरांनी पाळली. वाद घालत बसण्याऐवजी वरची हवा आणून बघायची. पृथ्वीवरचे जंतू फार उंच पोचणार नाहीत अशा ठिकाणची हवा घ्यायची आणि तिच्यात कोणी सापडतं का ते तपासायचं.

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे तिथून वातावरणाच्या वरच्या थरांत जातात. 2001 च्या जानेवारीत इस्रोच्या मदतीने पहिला प्रयोग झाला आणि हाती काहीतरी लागलंही. ते लागलं म्हणूनच 2005 मध्ये तो पुन्हा केला. इस्रोने याचं कारण स्पष्ट सांगितलं आहे: पहिल्या वेळी निकाल होकारार्थी आला होता, तरी पृथ्वीवरची कुठलीही भेसळ नाही याची आणखी काटेकोर काळजी घेऊन प्रयोग परत करायचं ठरलं. मी हे वाक्य वाचलं तेव्हा मला स्टुलावर बसलेले सर दिसले. हवं तेच उत्तर आलेलं असताना पहिल्यापासून करायला बसणं किती जड जातं, ते मी साडेतीन आठवडे अनुभवलं होतं. यांनी चार वर्षं घालवली.

त्या दुसऱ्या फुग्याचं आकारमान 2 कोटी 67 लाख घनफूट होतं. खाली 459 किलोचा बोजा आणि त्यात 16 पोलादी नळ्या, निर्जंतुक केलेल्या, आतून निर्वात. नळ्या 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवलेल्या. ही निऑनची युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगते. 41 किलोमीटर उंचीवर हवा असते, पण कशी? आपल्याकडच्या दाबाच्या साधारण हजारात तीन भाग इतकी विरळ. एवढ्या विरळ हवेत बाटलीचं झाकण उघडलं तर आत कितीशी येणार? पंप लावायचा तर पंपाचं तेल, पंपाची धूळ, भेसळीची नवी वाट. द्रवरूप निऑन असतो उणे 246 अंशांवर. त्या थंडीत नायट्रोजन आणि ऑक्सिजन वायुरूपात टिकूच शकत नाहीत, नळीच्या आतल्या भिंतीवर गोठून बसतात. ते गोठले की आत पुन्हा पोकळी, ती भरायला बाहेरची हवा आत, तीही गोठली. झडप उघडी आहे तोवर नळी आपोआप आकाश ओढत राहते. काही फिरत नाही, काही घासत नाही. श्वास आत घेण्यासारखं आहे, फक्त सोडायचा नाही.

20 ते 41 किलोमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या उंचींवर नळ्या भरल्या, बंद झाल्या आणि पॅराशूटने खाली आल्या. मग त्या दोन ठिकाणी गेल्या: हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि पुण्यातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. हैदराबादला एस. शिवाजी आणि पुण्यात योगेश शौचे. दोन संस्था, दोन चमू. हाही एका परीने कंट्रोलच.

उगवलं काय, तर जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 कॉलन्या. एवढा मोठा फुगा, एवढा निऑन, एवढी वर्षं, आणि दोन हातांच्या बोटांनी मोजता येतील त्याहून थोड्या जास्त कॉलन्या. त्यांतल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी 98 टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन जिवाणू मात्र कुठल्याच नोंदीत नव्हते. त्यांचं बारसं झालं: हॉइल यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉइली, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई. तिघेही अतिनील किरणांना आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा बरेच जास्त तग धरणारे निघाले. वर ते उपयोगी पडणारच. ओझोनचा मुख्य थर ओलांडून वर गेलं की सूर्य निराळाच असतो.

मार्च 2009 मध्ये हे जाहीर झालं. आमच्या स्टाफरूममध्ये बातमी पोचली ती ‘अंतराळातले जिवाणू’ अशी. मी इस्रोचं मूळ निवेदन शोधून वाचलं. त्यात साफ म्हटलं होतं की हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले असं या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे चालवायला उभारी मिळते. ज्यांच्या गुरूंनी आयुष्याचा बराच काळ या कल्पनेच्या बाजूने घालवला, त्यांच्याच प्रयोगावर हे वाक्य लिहिलं गेलं. तीन नव्या जातींपेक्षा मला ते वाक्य मोठं वाटतं. मी ते दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देते आणि विचारते, हे लिहिलं नसतं तर काय बिघडलं असतं? तासभर चर्चा चालते. काही मुलं दुसऱ्या दिवशी परत येऊन बोलतात.

याच्या उलट घडलेलं उदाहरण चंद्राचं आहे. सर्व्हेयर 3 हे मानवरहित यान एप्रिल 1967 मध्ये चंद्रावर उतरलं. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 चे अंतराळवीर त्याच्यापाशी चालत गेले आणि त्याचा कॅमेरा काढून घेऊन आले. पृथ्वीवर कॅमेरा उघडला तेव्हा आतल्या फोमच्या तुकड्यातून स्ट्रेप्टोकॉकस मायटिस वाढला. आपल्या तोंडात, घशात राहणारा जिवाणू. निर्वात पोकळी, रात्रीची भयंकर थंडी, हवेचं पांघरूण नसलेला सूर्य, आणि हा अडीच वर्षं तिथे तगून राहिला! किती वर्षं ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून सांगितली गेली. मीही सांगितली आहे, वर्गात, हात हलवून. 2011 च्या सुमारास त्या वेळच्या तपासणीचं चित्रीकरण पुन्हा बारकाईने पाहिलं गेलं. काम करणाऱ्यांचे कपडे अर्ध्या बाह्यांचे, दंड उघडे, एक उपकरण निर्जंतुक नसलेल्या टेबलावर टेकलेलं. तो जिवाणू चंद्रावर जाऊन आला असण्यापेक्षा प्रयोगशाळेतच कोणाच्या तरी अंगावरून उतरला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पुढच्या वर्षी मी त्याच वर्गात जाऊन सांगितलेलं दुरुस्त केलं. मागच्या बॅचच्या मुलांपर्यंत ते कसं पोचवायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

याचा अर्थ जिवाणू अंतराळात तगत नाहीत असा नाही. डायनोकॉकस नावाचा एक आहे. 1956 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात डबाबंद मांसावर गॅमा किरणांचा मारा करून बघत होते, सगळं मेलं असं समजून ठेवलेला डबा नासला आणि त्यातून हा सापडला. किरणांनी याच्या डीएनएचे तुकडे तुकडे होतात आणि तो ते पुन्हा जुळवून उभा राहतो. जपानी शास्त्रज्ञांनी याच्या गोळ्या करून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला तीन वर्षं टांगून ठेवल्या. 2020 मध्ये निष्कर्ष आले. पातळ थर मेले. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड गोळ्यांत वरवरचे जिवाणू मेले आणि त्यांच्या मेलेल्या थराआड आतले जिवंत राहिले. यातही तशाच गोळ्या स्थानकाच्या आत आणि खाली जमिनीवर ठेवल्या होत्या, तुलनेसाठी. ती तुलना होती म्हणून मी आज हे निःशंकपणे लिहू शकते.

आणि विषाणू? विषाणू पेशीबाहेर निव्वळ वस्तू असतो, मिठाच्या खड्यासारखा, पेशीत शिरला तरच त्याला काही करता येतं, असं आम्ही शिकलो आणि असंच शिकवतो. इटलीतल्या पोत्सुओलीला आम्लाचे उकळते झरे आहेत. तिथल्या एका सूक्ष्मजीवाचा विषाणू लिंबाच्या आकाराचा. पेशी फोडून बाहेर पडतो तेव्हा त्याला शेपट्या नसतात. नेहमीच्या तापमानाला ठेवला तर तसाच पडून राहतो. 85 अंशांच्या आसपास, म्हणजे त्याच्या घरच्या उन्हाळ्यात, ठेवला की लिंबाच्या दोन्ही टोकांतून दोन लांब शेपट्या निघतात. जवळ पेशी नाही, अन्न नाही, काही नाही. 2005 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी तो लेख दोनदा वाचला, तिसऱ्यांदा फक्त पद्धतीचा भाग वाचला. द्रवात पेशीचा अंशही उरलेला नाही याची खात्री त्यांनी कशी केली तेवढंच बघायला. ती सवय सरांची.

लोणारकडे परत येते. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, माणसं आधीच घाबरलेली, फोनवर फोन. काय काय ऐकलं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया फोफावले. त्या नमुन्यातले सूक्ष्मजीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी नितळ झालं, ही बारीकशी गोष्ट मला सगळ्यात पटवणारी वाटली. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्यांचा होता. बाटली टेबलावर शांत ठेवली की ज्याचं त्याला मिळालं.

आणि बॅसिलस आर्यभट्टाई? त्याची पुढची हकीकत मला 2014 मध्ये कळली आणि मी जागेवरून उठून उभी राहिले. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मध्य भारताच्या काळ्या मातीत, सोयाबीन आणि गव्हाच्या मुळांपाशी, याच जातीचे जिवाणू शोधून काढले. जमिनीत अडकून पडलेलं जस्त ते विरघळवतात आणि पिकाला मिळवून देतात. ज्याला आपण आकाशातून खाली आणलं, आर्यभटाचं नाव दिलं, तो आपल्या बांधावर बसलेला होता. 2005 च्या नळीत तो कोणत्या वाटेने पोचला? माझं मत विचाराल तर धूळ. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या रानातून उठणारी, वावटळीत गरगरत जाणारी, आणि त्यातली किंचितशी कशाकशाने आणखी वर ढकलली गेलेली. म्हणून मला तो फुगा जरासुद्धा कमी मोलाचा वाटत नाही. काळ्या मातीतला एक जीव 41 किलोमीटरपर्यंतच्या त्या विरळ, जाळणाऱ्या हवेतून जिवंत परत येऊ शकतो, हे हॉइल यांच्या कल्पनेपेक्षा मला जास्त थरारक वाटतं.

आमचं शेत मेहकर तालुक्यात, लोणारपासून फार लांब नाही. काळी भुसभुशीत जमीन, सोयाबीनची. मागच्या महिन्यात दादा पुण्याला आला तेव्हा मी त्याला माती आणायला सांगितली होती. नुसती वरची नको, रोप उपटायचं आणि मुळांना चिकटलेली. त्याने तीन जागची आणली, तीन पिशव्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी: विहिरीजवळची, मधली, रस्त्याकडची. रस्त्याकडची पिशवी त्याने जरा बाजूला ठेवली. म्हणाला, “ही उपटताना माझा हात लागला बघ. तुला चालणार नसंल तर टाकून दे.”

टाकली नाही. त्याच्या हाताचाही एक स्वॅब घेऊन वेगळी प्लेट केली. ऑटोक्लेव्हमधून हवा पूर्ण निघेपर्यंत, शिट्टीखालून सलग वाफ येईपर्यंत, मी तिथेच उभी राहिले. माझ्याबरोबर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी काम करते आहे. अगार, म्हणजे थंड झाल्यावर घट्ट होणारं माध्यम, ओतण्याआधी बाटली गालाला लावून गरमी अजमावायची सवय तिनं माझ्याकडून उचलली आहे, हे मला काल दिसलं. काल संध्याकाळी प्लेटा आत गेल्या. उद्या सकाळी साडेनवाला उघडायच्या. मी तिला सांगून ठेवलं आहे, मातीच्या प्लेटांना हात लावायचा नाही. आधी कंट्रोल काढायची, खिडकीपाशी न्यायची, उजेडाकडे तिरकी धरायची, आणि मग मला हाक मारायची.